खर्च विचारू नका, देणं विचारा

लेकाने नऊ हजारांचे बूट आणले म्हणून तुम्ही दोघं आठवडाभर कुढताय. अरे, तो कमावता आहे, बूट ही त्याची आवड आहे. त्याला एवढंच विचारायचं होतं, की रोख घेतलेस की हप्त्यावर? पगारातून शिलकीत पडलेल्या पैशांचे नऊ हजारांचे बूट मला चालतात. हप्त्यावर घेतलेले दोन हजारांचे मला खटकतात. आत्या म्हणून माझं सांगणं हेच आहे : कमावत्या मुलांच्या खर्चाची उलटतपासणी सोडा आणि देण्याची चौकशी ठेवा. खर्चाचा विषय निघाला की मुलांना वाटतं, आपल्या आवडीनिवडीवर निकाल लागतोय. ‘सध्या कोणाचं किती द्यायचंय?’ याचं उत्तर आकड्यात येतं. विचारायचं ते चौघांत नाही, आणि जेवायच्या पानावर तर नाहीच.

‘कार्डाचं बिल भरलं’ असं तो म्हणाला, तर लगेच पुढचं विचारा : पूर्ण भरलंस की किमान रक्कम? पन्नास हजार थकले आणि महिन्याला ३.५ टक्के व्याज धरलं, तर एका महिन्याचं व्याज १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५. हे २,०६५ रुपये भरले तरी मुद्दल जागच्या जागी. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज चढतं. चांगल्या पगाराची मुलं इथेच अडकतात. किमान रक्कम भरली की दंड नाही, तगाद्याचे फोन नाहीत, सगळं सुरळीत वाटतं. पन्नास-साठ हजार पगाराचा मुलगा वीस तारखेला आईकडे पाचशे मागू लागला, तर कार्डाची बाकी आहे का ते आधी विचारा.

भाऊ, आता तुझ्या मोबाइलचं. मुलगा कॉलेजात असताना त्याचं खातं काढलंस, तेव्हा तुझाच नंबर दिला होतास. तो नंबर आजही तसाच आहे, आणि त्याने रात्री अकराला काय मागवलं याचा मेसेज तुला येतो. त्याला बँकेत पाठव आणि स्वतःचा नंबर लावून घ्यायला सांग. फोनवर ‘काल परत बाहेरचं खाल्लंस?’ असं दोनदा विचारलंस, की तो दुसऱ्या बँकेत खातं काढेल आणि मग तुला काहीच कळणार नाही. कळायला हवं ते त्याने तोंडाने सांगितलं पाहिजे. त्यासाठी आधी तुम्ही तुमचं उघडं करा. ठेवी कुठे आहेत, नॉमिनी कोण, घराचं कर्ज किती उरलंय, हे दोन्ही मुलांना समोर बसवून दाखवा. बापाने आपली बाकी सांगितली, की मुलाला आपली सांगायला जड जात नाही.

जिथे तुमची सही आहे, तिथे मात्र विचारायला अजिबात संकोच नको. लेकीच्या शैक्षणिक कर्जात तू सहकर्जदार आहेस. तिचा हप्ता चुकला तर तुझाही सिबिल स्कोअर घसरतो. जामीन राहिलात तर कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तुमच्या कार्डावर मुलाला जोडकार्ड दिलं असेल, तर बिल तुमचंच. क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तुमचा तुम्ही काढा. मुलांना त्यांचा काढायला शिकवा, पण पासवर्ड मागू नका.

एका बाबतीत मी गप्प बसणार नाही, तुम्हीही बसू नका. फ्युचर्स-ऑप्शन्स. सेबीने २०२४ मध्ये तीन वर्षांचे आकडे तपासले, त्यात १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. मुलगा कर्ज काढून त्यात उतरला असेल तर ही आवडनिवड उरत नाही. त्याच दिवशी बोला.

वहिनी, उद्या घरात सून येईल. पैशांचं विचारायचं तर दोघांना एकत्र विचार. मुलाला बाजूला घेऊन ‘तिचा हात जरा सैल आहे का रे?’ असं विचारलंस, तर ते तिच्यापर्यंत पोहोचतंच. जावयाबद्दल लेकीला विचारतानाही हाच नियम.

आणि कर्ज निघालंच, तर रागावण्याआधी सगळी देणी एका कागदावर लिहायला लावा : कोणाचं, किती, काय व्याजाने. सगळ्यांत जास्त व्याजाचं आधी फेडायचं. कार्डाची बाकी कमी व्याजाच्या वैयक्तिक कर्जात वळवता आली तर वळवावी, पण ते कार्ड मग बंदच करावं. म्हातारपणाची ठेव मोडून गुपचूप भरू नका. मदत करायचीच तर आकडा ठरवून, दोन्ही भावंडांना माहीत असू द्या. वसुलीवाले घरी फोन करतील. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. सज्ञान मुलाने एकट्याच्या सहीवर काढलेल्या कर्जाला आईबाप बांधील नसतात, हे त्यांना शांतपणे सांगा आणि कोण, कधी बोललं ते लिहून ठेवा.