रात्रीचा फोटो आणि त्याखालचं नाव



आजचा पाठ चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासाला जोडून घेता येईल. विषय आहे आपल्या भागातल्या रात्रीच्या कला आणि त्यांचे फोटो.

मोठ्या शहरात रात्री गाण्याचे कार्यक्रम, नाटकं होतात. मग आपल्या शिंदखेडा तालुक्यात रात्री काहीच होत नाही का? होतं की! जत्रेत तमाशाचा तंबू लागतो. डफावर वहीगायन रंगतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी विसर्जन. लग्नसराईत बँडपुढे अख्खा गाव नाचतो. पण सकाळी यातलं काय उरतं? तंबू उठतो, फडाचा ट्रक पुढच्या गावाला जातो. उरलाच तर एखादा फोटो उरतो.

हे फोटो कोणी काढले?

खान्देशात फोटोग्राफी म्हटलं की पहिलं नाव येतं चाळीसगावच्या केकी मूस यांचं (१९१२–१९८९). जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांनी असे फोटो काढले, की बघणाऱ्याला खरा देखावाच वाटावा. त्यांच्या घरात आज कलासंग्रह आहे. सहल न्यायला उत्तम ठिकाण.

पण तमाशा काही टेबलावर मांडता येत नाही. त्यासाठी फोटोग्राफरलाच फडामागे जावं लागतं. संदेश भंडारे यांनी तेच केलं. गावोगाव फिरून त्यांनी तमाशा कलावंतांचे फोटो काढले. त्यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक २००६ साली आलं. त्यांनी फक्त स्टेजवरचं नाचगाणं टिपलं नाही, तर पडद्यामागचं कलावंतांचं जगणंही टिपलं. आपण तिकीट काढून दोन-तीन तास बघतो. कलावंत मात्र दसऱ्यापासून वैशाखापर्यंत घरापासून लांब असतो, ही गोष्ट अशा फोटोंमुळे कळते.

दुसरं उदाहरण तंबूतल्या सिनेमाचं, म्हणजे आपल्या टुरिंग टॉकीजचं. अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये रात्री सिनेमा बघणाऱ्या लोकांचे फोटो काढले. ते पडद्याकडे नाही, प्रेक्षकांकडे बघत होते. पडद्याच्या उजेडात उजळलेले चेहरे त्यांनी टिपले. या कामाला २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. पुढे शर्ली अब्राहम यांच्यासोबत त्यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला.

मुलांना इथे एक प्रश्न जरूर विचारा : जत्रेत सगळे एकीकडे बघत असताना तुम्ही उलट बाजूला बघितलं तर काय दिसेल?

माझी चूक

आता जरा स्वतःबद्दल सांगतो. एका जत्रेत मी मोबाईलवर ढोलकीवाल्या बाबांचा फोटो काढला. छान आला होता. उत्साहाच्या भरात वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आपली लोककला’. ना बाबांना विचारलं, ना त्यांचं नाव लिहिलं.

ते बाबा माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे आजोबा निघाले. पोराने ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्याला ‘तमाशावाला’ म्हणून चिडवलं. दोन दिवस तो शाळेत आलाच नाही.

मी घरी गेलो, माफी मागितली. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “गुरुजी, फोटोना खाले मनं नाव लिखा.” आयुष्यभर वाजवलं, पण नाव मात्र नेहमी फडमालकाचंच लागलं, असं त्यांचं म्हणणं. पोरगा कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता.

तेव्हा मला कळलं. मी लोककलेचा फोटो टाकला असं मला वाटत होतं. खरं तर मी एका माणसाचं नाव पुसलं होतं.

वर्गात काय करायचं?

१. आधी परवानगी. ‘फोटो काढू का?’ आणि ‘कोणाला दाखवू?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारायचे. नाही म्हणाले तर मोबाईल खिशात.

२. फ्लॅश नको. वाजवणाऱ्याच्या, नाचणाऱ्याच्या डोळ्यांवर तो येतो आणि तंबूतला खरा उजेडही मारला जातो. कोपर खांबाला टेकवलं की हात कमी हलतो.

३. प्रत्येक फोटोखाली पाच ओळी : कोण, कुठे, कधी, काय चाललंय आणि फोटोत न दिसणारी एक गोष्ट. ही पाचवी ओळ फक्त बोलूनच मिळते.

४. घरात मोबाईल नसेल तर जुना लग्नाचा, जत्रेचा फोटो आणायचा आणि त्यातल्या माणसांची नावं आजी-आजोबांना विचारून लिहायची. हे काम लवकर करा. नावं सांगणारी माणसं कायम राहत नाहीत.

५. शेवटी वर्गात भिंतीवर प्रदर्शन. ज्यांचे फोटो आहेत त्यांना बोलवायचं.

आमच्या प्रदर्शनाला ढोलकीवाले बाबा आले होते. त्यांच्या फोटोखालच्या पाच ओळी नातवाने लिहिल्या. पाचवी ओळ अशी होती : ‘बाबांच्या बोटांना गाठी आहेत.’ मुलांनी बाबांची बोटं हातात घेऊन बघितली.

त्या पोराला आता कोणीच चिडवत नाही, असं मी म्हणणार नाही. पण परवा कोणीतरी विचारलं, तेव्हा त्याने आजोबांचं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट.

पालकहो, तुमच्या मोबाईलमध्येही जत्रेचे, जागरणाचे फोटो असतील. आज मुलांना जवळ घेऊन एक तरी उघडा आणि विचारा, ‘हा वाजवणारा कोण रे?’ उत्तर येत नसेल तर दोघं मिळून शोधा.