गाडीची अदलाबदल व खरे माप
(पाठ : नीतिसूत्रे २०:१०)

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन व तूर बाजारात वेळेवर पोहोचवावी लागते. म्हणून वाटेत वारंवार बंद पडणारी मोटार देऊन जुनी, हाताने गिअर बदलावयाची पिकअप घेणे शहाणपणाचे होय. परंतु ती पारखून घ्यावी. इंजिन चालू ठेवून हातब्रेक ओढावा, तिसरा गिअर घालून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद न पडल्यास क्लच झिजला आहे असे समजावे. मालवाहू गाडी आठ वर्षांहून जुनी असल्यास योग्यता-प्रमाणपत्र दरवर्षी लागते, तेही पाहावे.

येथवर सर्वच दक्ष असतात. पण आपण देतो त्या मोटारीचा दोष कोण सांगतो? दुहेरी वजनमापांचा परमेश्वराला वीट येतो, असा या वचनाचा आशय आहे. दुसऱ्याची गाडी उघडून तपासणे व आपल्या गाडीचे व्यंग झाकणे, ही दुहेरी मापेच नव्हेत काय? दोष सांगितल्याने किंमत उतरेल. परंतु घेणाऱ्याची मुलेबाळे रात्री आडरानात अडकणार नाहीत. तसेच मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मालकी बदलल्याची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी कार्यालयास द्यावी.

मनन : घेणारा मीच असतो, तर मला काय सांगितलेले हवे होते? (मत्तय ७:१२)