गड दाखवायला निघालेल्या नातीला

पोरी, यंदापासून तू पाहुण्यांना लोहगड दाखवायला जाणार आणि सोबत बारावीचा अभ्यासही करणार. दोन्ही कामं डोक्याची आहेत, म्हणून डोकं कसं चालतं ते आधी समजून घे. शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला. तिथे पाहिलेलं आणि पुढे बोधविज्ञानाच्या पुस्तकांत वाचलेलं एकमेकांशी ताडून जे पटलं, तेवढंच सांगते. मन कसं शिकतं, कसं पाहतं, कसं आठवतं याचं हे शास्त्र. त्याने मला शिकवलं ते असं, की मनाची ओंजळ लहान असते. ती फारशी वाढवता येत नाही, पण कशी भरायची ते नक्की शिकता येतं.

एका दमात तीन-चार गोष्टींहून जास्त सांगू नको. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडलं, की ऐकलेल्या सुट्या गोष्टी माणूस क्षणभर सातेकच धरून ठेवतो. २००१मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. पण मिलर यांचं दुसरं म्हणणं तुझ्या जास्त कामाचं आहे. गोष्टी जुळवून त्यांचा गट केला, की मन तो गट एकच धरतं. १६४८१६६५१६७० हे बारा आकडे कुणाला म्हणून दाखव, अर्धे गळतील. तेच तीन सन म्हणून सांग: १६४८ला शिवाजी महाराजांनी लोहगड घेतला, १६६५च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, १६७०ला परत जिंकून घेतला. आता बारा आकड्यांची एकच गोष्ट झाली, आणि ती ऐकणाऱ्याच्या घरापर्यंत जाते. सगळा इतिहास पायथ्याशीच ओतला, तर पाहुणा पहिल्या वळणावर तो विसरतो.

माहिती जागेला बांध. जुन्या काळचे ग्रीक आणि रोमन वक्ते लांब भाषण लक्षात ठेवायला ओळखीच्या वास्तूतून मनाने फिरत आणि एकेक मुद्दा एकेका जागी ठेवत जात. ही युक्ती सायमनिडीस नावाच्या कवीची म्हणून सांगतात. तुला तर आयता गड मिळाला आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, चारही ओळीने. गणेश दरवाज्यात त्या तीन सनांची गोष्ट सांग. नारायण दरवाज्यात नाना फडणवीस आणि भात-नाचणी साठवायचं भुयार. हनुमान दरवाज्यात एवढंच, की चौघांत हा सर्वांत जुना. महादरवाज्यात सांग, की जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत आपला लोहगड आहे. मग दरवाजा समोर आला, की त्याची गोष्ट आपोआप तोंडी येईल. जीवशास्त्राचा धडाही असाच पायऱ्यांवर मांडून बघ. लंडनचे टॅक्सीवाले हजारो गल्ल्या पाठ करतात. २०००मध्ये एलिनॉर मॅग्वायर यांनी त्यांचे मेंदू तपासले, तेव्हा हिपोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. मेंदूचा हाच भाग वाटा आणि आठवणी सांभाळतो.

लक्ष एकीकडे असेल, तर समोरचंही दिसत नाही. १९९९मध्ये सायमन्स आणि शाब्री यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली आणि त्यातल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला ते मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. डोळे उघडे होते, लक्ष मोजण्यात होतं. गडाच्या विंचूकाटा या सोंडेवर मोबाइलच्या पडद्यात बघत मागे सरकणाऱ्याला कडा दिसत नाही, तो याचमुळे. त्याला निष्काळजी म्हणून रागावू नको. चढायच्या आधीच नियम सांग: चालताना फोटो नाही, आणि फोटो काढताना पाऊल हलवायचं नाही.

अंतर डोळ्यांनी सांगू नको, वेळेने सांग. धुक्यात वस्तू आहे त्याहून लांब वाटते. पावसाने हवा धुऊन निघाली, की समोरचा विसापूर किल्ला हाताशी आल्यासारखा दिसतो. चढही पायथ्यावरून पाहिला, तर असतो त्याहून बराच खडा वाटतो. म्हणून 'तो काय, इथेच आहे' असं म्हणू नको. लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल, तर त्याच्या चालीने किती वेळ लागेल ते सांग.

वाचलेलं पुन्हा वाचू नको, पुस्तक मिटून आठव. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५मध्ये ते छापले. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो, मग मंदावतो, हे त्याने दाखवलं. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी पाहिलं, की पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुनःपुन्हा वाचणारे पुढे असतात. आठवड्याने घेतली, तर वाचून झाल्यावर न बघता आठवणारे पुढे जातात. पुन्हा वाचताना सगळं येतंय असा भास होतो, तिथेच मुलं फसतात. आपल्या मावळात वारकऱ्यांच्या घरची पोरं हरिपाठ शिकतात ती रोज, सगळ्यांसोबत, पुस्तक न धरता म्हणून. तूही आज शिकलेलं उद्या आठव, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. अडलीस तरच पान उघड.

शाळेतलं गणित आपल्या सरबताच्या टपरीवर ने आणि टपरीवरचं शाळेत. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५मध्ये प्रसिद्ध झाला. पस्तीसला एक, असे दहा नारळ कितीला, असं विचारल्यावर एका मुलाने तिनाचे १०५, सहाचे २१०, नवाचे ३१५ असं चढत जाऊन ३५० सांगितले. या मुलांची बाजारातली उत्तरं शंभरात ९८ बरोबर आली. तीच उदाहरणं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर जेमतेम ३७. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांना कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतही हेच आढळलं; त्यांचा निबंध २०२५मध्ये आला. उलट बाजूही त्यांनी दाखवली: शाळेत हुशार असलेली मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळली. ज्ञान जिथे शिकलं त्या जागेला चिकटून बसतं, ते मुद्दाम हलवावं लागतं. पाहुण्यांना लिंबूसरबत आणि मक्याची कणसं देताना तू तोंडी जो हिशोब करतेस, तो घरी येऊन सूत्रात लिही. कागदाला घाबरणाऱ्या धाकट्या भावाला 'तुला गणित येत नाही' असं कधीच म्हणू नको. त्याला टपरीवर बसव आणि तिथून वहीकडे आण.

हरवलेल्याचा माग काढताना उत्तर तोंडात घालू नको. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४मध्ये लोकांना मोटारींच्या टकरीची एकच चित्रफीत दाखवली. 'गाड्या आदळल्या' असं विचारलं, तेव्हा लोकांनी वेग जास्त सांगितला; 'लागल्या' म्हटलं, तेव्हा कमी. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि विचारणाऱ्याचा शब्द त्यात मिसळतो. म्हणून कुणाचा सोबती विसापूरच्या बाजूला चुकला, तर 'गायमुख खिंडीतच सुटला ना?' असं विचारू नको. 'शेवटचा कुठे दिसला ते सांगा' म्हण आणि गप्प राहून ऐक. दोघं असतील तर वेगवेगळं विचार.

हे सगळं तू पुढे धाकट्यांना शिकवशील, तेव्हा नुसता नियम देऊ नको, त्यामागचं कारणही दे. नियम एकाच गडावर चालतो. कारण कळलेली पोर दुसऱ्या गडावर, परीक्षेच्या वर्गात, उद्या नोकरीच्या गावीही आपला नियम स्वतः तयार करते.