माखीराचे घर

शास्त्रपाठ : २ शमुवेल ४:४, ९:१-१३, १७:२७-२९
सोबत वाचावे : मार्क ९:१४-२७, योहान ९:१-३, गलती ६:२
पाठाचा उद्देश : महासाथीच्या दिवसांत विशेष गरजा असलेल्या मुलांच्या कुटुंबांवर काय ओढवले हे समजून घेणे, आणि अशा घरांविषयी मंडळीचे कर्तव्य कोणते ते ठरविणे.

शौल व योनाथान युद्धात पडल्याची बातमी इज्रेलाहून आली तेव्हा योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. दाईने त्याला उचलले आणि ती पळत सुटली. त्या घाईत मूल पडले व दोन्ही पायांनी लंगडे झाले. ही सारी हकिकत शास्त्रात एका वचनात आटोपली आहे, आणि वाचताना आपण ते वचन सहज ओलांडून पुढे जातो. ह्या पाठात मात्र आपण तेथे थोडे थांबू. कारण २०२० व २०२१ साली आपल्यातील कित्येक घरांनी हेच अनुभवले. संकट सर्वांवरच आले. परंतु ज्या घरात उचलून न्यावे लागणारे लेकरू होते त्या घरावर ते दुप्पट आले.

१. दाईचे ओझे

पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्हा आहे. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत ह्या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मराठी मुलखास जोडले गेले आणि बाकीचा जिल्हा तेलुगू राज्यात राहिला. तो २०१४ पासून तेलंगणात आहे. बेला, जैनद ह्या मंडलांकडील पुष्कळ घरांत आजही मराठी बोलतात. शेजारच्या गुड्यात गोंडी किंवा कोलामी, आणि कचेरीत तेलुगू. हा कापसाचा मुलूख. आई व बाप दोघेही शेतात गेल्याशिवाय घर चालत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. १ सप्टेंबर २०२० पासून तेलंगण सरकारने तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून व टी-सॅटवरून पाठ सुरू केले. ज्या मुलास ऐकू येत नाही, ज्यास एका जागी बसवत नाही, किंवा ज्याच्या घरी तेलुगू बोलतच नाहीत, त्याला ह्या पाठांचा किती उपयोग झाला असेल, ह्याचा वाचकांनीच विचार करावा. बहुतेक मुलांसाठी शाळेचे दार पुन्हा उघडले ते १ सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे जवळजवळ दीड वर्षाने.

असे एक घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो बोलत नाही, पण त्याला वेळ कळते. रोज सकाळी तो दप्तर घेऊन दाराशी उभा राहतो. शाळा बंद झाल्यावरही तो उभाच आहे. आज शाळा का नाही हे त्याला सांगावे कसे, ते आईला समजत नाही. तो रडतो, हात चावतो, भिंतीवर डोके आपटतो. शेजारी म्हणतात, "मूल आवरत नाही काय?" रात्री तो झोपत नाही, म्हणून आईही झोपत नाही. सकाळी तिला वेचणीला जायचे असते.

अशा मुलांना ठरलेला दिनक्रम हा मोठा आधार असतो. तो मोडला की मुलाला जग अनोळखी वाटू लागते. ज्या मुलाचे हातपाय आखडतात त्याचा व्यायाम महिनोन्महिने थांबला तर सांधे जखडतात आणि कष्टाने मिळविलेली हालचाल गमावली जाते. बहिऱ्या मुलाला तोंडावरच्या मास्कमुळे ओठ दिसत नाहीत. आंधळ्या मुलाचे जग स्पर्शाचे, आणि त्या काळात स्पर्शाचेच भय होते. फिट येणाऱ्या मुलाची गोळी एक दिवसही चुकवून चालत नाही, पण गावातून शहरात जायला गाडी नव्हती. शाळा ही ह्या मुलांना शिकण्याची जागा होतीच. शिवाय आईला दिवसातून चारपाच तास मोकळे मिळत ते शाळेमुळेच. तेही गेले.

२. दोष कोणाचा?

शास्त्रलेखकाने दाईला दोष दिलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. तिच्या हातून मूल पडले हे खरे. पण त्या दिवशी मुलाला उचलणारी एवढी एकच व्यक्ती आपल्याला दिसते. तिच्याबरोबर आणखी दोघे असते तर कदाचित मूल पडलेही नसते. पडल्याचा दोष शोधण्याआधी बाकीचे कोठे होते हे विचारले पाहिजे.

खेदाची गोष्ट अशी की आपल्या मंडळ्यांतून कधीकधी उलटे घडते. कोणी म्हणतो, आईबापांचे काही पाप असेल. कोणी म्हणतो, विश्वास कमी पडला म्हणून मूल बरे होत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनीही असाच प्रश्न केला. प्रभूने दोन्ही आरोप स्पष्टपणे नाकारले. जे प्रभूने नाकारले ते आपण कोणाच्याही दारी जाऊन बोलू नये.

मार्काच्या नवव्या अध्यायातील बापाकडे पाहा. शिष्यांनी त्याच्या मुलासाठी प्रयत्न केला व त्यांना यश आले नाही. मग तेथे काय चालले होते? शास्त्र्यांशी वादविवाद! प्रभू आल्यावर त्याने बापाला विचारले की मुलाला हे केव्हापासून होत आहे. मुलाला बरे करण्याआधी त्याने बापाचे ऐकून घेतले. घरभेटीला जाणाऱ्या प्रत्येकाने हा धडा घ्यावा. अर्धा विश्वास व अर्धा अविश्वास घेऊन आलेल्या त्या थकलेल्या बापाला प्रभूने परत पाठविले नाही.

३. माखीर आणि दावीद

त्या घटनेनंतरची वर्षे शास्त्रात सांगितलेली नाहीत. नवव्या अध्यायात मफीबोशेथ भेटतो तो लो-दबार येथे, अम्मीएलाचा पुत्र माखीर ह्याच्या घरी. पडलेल्या राजघराण्यातील लंगड्या मुलाला घरी ठेवण्यात मान नव्हता आणि धोका होता. तरी माखीराने त्याला आसरा दिला. पुढे दावीद राजाने आपण होऊन चौकशी केली की योनाथानासाठी दया करावी असे कोणी उरले आहे काय. सीबाने सांगितले. राजाने माणसे पाठविली, मफीबोशेथाला आणविले, आणि तो नित्य राजाच्या पंक्तीस जेवू लागला. दावीदाने मफीबोशेथाच्या येण्याची वाट पाहिली नाही, त्याने स्वतः विचारणा केली. आपल्या मंडळीत ही विचारणा कोण करतो?

आपल्या मराठी मंडळीच्या पूर्वजांनी ती केली होती. १९०० च्या सुमारास आपल्या मुलखात दुष्काळ व प्लेग दोन्ही होते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातील मुलींना आणले, त्यांत अंध मुलीही होत्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आल्या व त्यांनी ह्या मुलींना वाचायला शिकविले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अॅना मिलार्ड ह्यांनी १९०० साली अंध मुलांची शाळा काढली. तीच आज दादरची अंधशाळा म्हणून ओळखली जाते. संकट ओसरेपर्यंत ह्या मुलांचे पाहू, असे त्या म्हणाल्या नाहीत. संकटातच त्यांनी आरंभ केला.

४. मंडळीने काय करावे?

(अ) यादी करावी. मंडळीत व गावात अशी मुले कोणत्या घरी आहेत ह्याची नोंद पाळकांकडे असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ह्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावरही दिव्यांगांची नोंद ठेवण्याचे कर्तव्य घातले आहे. सरकारने ठेवावी तशी मंडळीनेही ठेवावी.

(आ) एका घराला एकच माणूस द्यावा. दर वेळी नवा चेहरा पाहून मूल बुजते. तीच मावशी, त्याच वारी, त्याच वेळी आली तर मूल तिची वाट पाहू लागते. साथ असेल तर अंगणात, अंतर राखून बसावे. तेही शक्य नसेल तर फोन करावा, पण ठरल्या वेळीच.

(इ) आईला एक तास द्यावा. मुलापाशी आपण बसावे व तिला झोपू द्यावे किंवा बाजारात जाऊ द्यावे. हे उपदेशापेक्षा मोठे साहाय्य आहे. भावंडांकडेही लक्ष द्यावे. घाईत त्यांना कोणी विचारीत नाही.

(ई) घरातच शिकवावे. तुरीतले खडे निवडणे, भांडी लहानमोठी लावणे, कपड्यांच्या घड्या घालणे, कापसाची बोंडे मोजणे, हे सारे शिक्षणच आहे. दिवसाच्या कामांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावावीत. एक काम झाले की ते चित्र मुलाने उलटवावे. मुलाला पुढे काय होणार हे कळले की त्याची भीती कमी होते. हे घरच्या भाषेत करावे.

(उ) चिठ्ठी लिहून ठेवावी. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कित्येक घरी आईबाप एकदमच आजारी पडले. अशा वेळी मुलाला कोण सांभाळणार? म्हणून प्रत्येक घरी एक कागद असावा : मूल काय खाते, कशाला भिते, कोणत्या खुणेने पाणी मागते, कोणते औषध किती वाजता, आणि आईबापांनंतर पहिल्याने कोणाला बोलवावे. त्याची एक प्रत त्या घरी जाणाऱ्या माणसाकडे असावी. पुढची साथ केव्हा येईल हे आपल्याला ठाऊक नाही. चिठ्ठी आजच लिहावी.

(ऊ) कागदपत्रांत मदत करावी. तेलंगणात समग्र शिक्षा योजनेखाली मंडलांतून 'भविता' केंद्रे आहेत. तेथे विशेष शिक्षक असतात, व जे मूल शाळेत येऊच शकत नाही त्याला घरी शिकविण्याचीही तरतूद आहे. दिव्यांगांना 'आसरा' निवृत्तिवेतन आहे. २०१९ साली ते दरमहा ३,०१६ रुपये झाले व २०२३ साली ४,०१६ रुपये. कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परंतु दाखल्यावाचून ह्यांतले पुष्कळसे मिळत नाही, आणि मराठी बोलणाऱ्या आईला तेलुगू अर्ज भरता येत नाही. आपल्या तरुण संघातील तेलुगू जाणणाऱ्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे.

५. घेणारे घर देणारे होते

माखीराची गोष्ट येथे संपत नाही. पुढे अबशालोमाच्या बंडात दावीद स्वतः पळाला व महनाईमास थकून भागून पोहोचला. तेव्हा त्याच्यासाठी बिछाने, भांडी, गहू, पीठ, मसूर, मध घेऊन जे तिघे आले, त्यांत लो-दबारचा माखीर होता. दुबळ्याला सांभाळणाऱ्या घराला संकटात काय लागते हे नेमके ठाऊक होते.

टाळेबंदीत आपण सर्वांनी काही महिने घरात कोंडून घेतले. देवळात जाता येत नाही, लोक घरी येत नाहीत, उद्याचे काही सांगवत नाही, ह्याचे आपणांस किती दुःख झाले! ज्या घरी असे मूल आहे तेथे साथीच्या आधीही हेच होते आणि देवळे उघडल्यावरही पुष्कळ ठिकाणी तेच आहे. मूल उपासनेत ओरडते म्हणून आई मागच्या बाकावर बसते, मग व्हरांड्यात, मग येईनाशी होते. ह्या आईबापांना आपण फार तर कीव दिली. त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे : धीर कसा धरावा, शब्दांवाचून कसे समजून घ्यावे, थोड्या प्रगतीसाठी देवाचे उपकार कसे मानावेत. त्यांना पंक्तीत बोलवा. मूल ओरडले तर ओरडू द्या. राजाच्या मेजावर मफीबोशेथ बसला तेव्हा त्याचे पाय बरे झालेले नव्हते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील कोणते कुटुंब टाळेबंदीनंतर उपासनेस परत आले नाही? त्यांच्याकडे कोण गेले?
२. अशा मुलांविषयी आपल्या बोलण्यात कोणते शब्द येतात? आईने ऐकले तर तिला काय वाटेल?
३. वरील सहा गोष्टींपैकी कोणती एक गोष्ट आपले महिला मंडळ किंवा तरुण संघ ह्याच महिन्यात सुरू करू शकेल? नावे व वार ठरवा.
४. आपल्या मुलांना शब्बाथशाळेत ह्या मुलांबरोबर बसायला व खेळायला कसे शिकवावे?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, जे लेकरू आम्ही विसरलो ते तू विसरला नाहीस. एकट्याने ओझे वाहणाऱ्या आईबापांना विसावा दे. त्यांना आम्ही दोष दिला असेल तर आम्हांस क्षमा कर. आमच्या घरांना माखीराच्या घरासारखे कर आणि आमच्या पंक्तीत प्रत्येक लेकराला जागा मिळू दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.