कॅल्गरीचा जुलै

प्रश्न : चिरंजीव कॅनडात कॅल्गरीस नोकरीला आहेत. जुलैत आम्ही उभयता जात आहोत. काय पाहावे?

उत्तर : योग उत्तम आहे, कारण गाय वीडिक या दोरफेकीत वाकबगार असलेल्या गृहस्थाने १९१२ साली ज्याचा आरंभ केला आणि १९२३ पासून जो दरसाल भरू लागला, तो ‘स्टॅम्पीड’ हा गुराख्यांचा दहा दिवसांचा उत्सव त्याच महिन्यात असतो. उधळलेल्या घोड्यावर एकाच हाताने पकड ठेवून आठ सेकंद टिकायचे, आणि मोकळा हात घोड्याला नुसता लागला तरी स्वार बाद, हा कायदा ध्यानी ठेवलात म्हणजे खेळाची खुमारी कळेल. वासराला फास टाकून पाडण्याचा प्रकार मात्र मला रुचत नाही. त्या वेळी खुशाल उठून जावे. सकाळी ठिकठिकाणी पॅनकेकची, म्हणजे आपल्या धिरड्याच्या गुबगुबीत भावंडाची, मोफत न्याहारी मिळते. बो आणि एल्बो या नद्यांच्या संगमावर १८७५ साली घोडेस्वार पोलिसांनी ठाणे वसविले, तेच या शहराचे मूळ; तेही पाहावे. रॉकी पर्वतातले बान्फ सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होत असल्याने परतण्याची घाई नको. शाल मात्र जवळ असू द्यावी.