यंत्रांस नावे कशी द्यावीत?

पत्रावर पत्ता लिहिताना प्रथम व्यक्तीचे नाव, मग गाव, तालुका व जिल्हा असा क्रम असतो. इंटरनेटवरील यंत्रांची नावेही याच रीतीने, लहानाकडून मोठ्याकडे, लिहिली जातात. यंत्रे एकमेकांस आकडी पत्त्याने ओळखतात. परंतु माणसाच्या स्मरणात आकड्यांपेक्षा नाव अधिक राहते. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी 'डीएनएस' ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. तत्पूर्वी अमेरिकेतील एका संशोधन संस्थेत ठेवलेल्या एकाच यादीत सर्व नावे नोंदविली जात. जाळे वाढले, तशी ती यादी सांभाळणे अवघड होऊन बसले.

यंत्राच्या नावात रोमन अक्षरे, अंक व जोडरेघ एवढीच चिन्हे चालतात. दोन टिंबांमधील भाग ६३ चिन्हांहून मोठा असू नये. हे झाले व्यवस्थेचे नियम. नावात काय असावे, हे मात्र माणसानेच ठरवावयाचे असते.

जाळे बंद पडले की दुरुस्ती करणारा 'ट्रेसराऊट' या साधनाने संदेशाच्या वाटेवरील राऊटरांची नावे पाहतो. 'गरुड' किंवा 'हिमालय' ही नावे कानास गोड लागली, तरी यंत्र कोठे आहे हे त्यांवरून कळत नाही. नावात ठिकाण, काम व अनुक्रमांक असल्यास ते तत्काळ कळते. ठिकाणासाठी कित्येक कंपन्या विमानतळाची तीन अक्षरी खूण वापरतात. मुंबईची खूण 'बीओएम' आहे. १९९५ साली शहराचे इंग्रजी नाव बदलले. खूण बदलली नाही. नावात घालावयाची गोष्ट अशीच टिकाऊ असावी. अधिकाऱ्याचे नाव अथवा यंत्र बनविणाऱ्या कंपनीचे नाव त्यात घालू नये; कारण अधिकाऱ्याची बदली होते व यंत्रही बदलले जाते.

यंत्र दुसऱ्या गावी हलविले, तर त्याचे नाव त्याच दिवशी बदलावे. आकड्यावरून नाव सांगणारी उलट नोंदही सुधारावी, कारण ट्रेसराऊट तीच वाचतो. नाव नसलेल्या यंत्राचा शोध तरी घेतला जातो. चुकीचे नाव मात्र माणसास भलत्याच गावी पाठविते आणि तोवर जाळे बंदच राहते.

स्वाध्याय : १. यंत्राच्या नावात अधिकाऱ्याचे नाव का घालू नये? २. शाळेतील प्रत्येक संगणकास खोली, काम व अनुक्रमांक दर्शविणारे नाव द्या.