प्रक्रियेचा जन्म व तिचा सांभाळ

संगणकांत साठवून ठेविलेला प्रोग्रॅम आणि चालू असलेली प्रक्रिया या दोन वस्तू एक नव्हेत. प्रोग्रॅम म्हणजे वहींत लिहिलेली पाककृति. प्रक्रिया म्हणजे चुलीवर शिजत असलेला पदार्थ. एकाच कृतीवरून चार चुलींवर चार भांडीं चढवितां येतात, तद्वत् एकाच प्रोग्रॅमच्या अनेक प्रक्रिया एका वेळीं चालूं शकतात.

इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्सन, डेनिस रिची प्रभृतींनीं युनिक्सचा आरंभ केला. तींत नवी प्रक्रिया उत्पन्न करण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. चालू प्रक्रिया 'फोर्क' अशी हांक मारते आणि तिची हुबेहूब प्रतिकृति उभी राहते. दोघी त्याच ओळीपासून पुढें चालतात. मग आई कोण व लेक कोण, हें कळावें कसें? फोर्कचें उत्तर म्हणून आईस लेकीचा क्रमांक मिळतो, लेकीस शून्य मिळतें, खूण एवढीच. लेकीस निराळें काम करावयाचें असल्यास ती 'एक्झेक' म्हणते. तिचा क्रमांक तोच राहतो, परंतु आंतील प्रोग्रॅम सर्वस्वी पालटतो. काम संपलें कीं 'एक्झिट'; आणि आईनें 'वेट' म्हणून तिचा निकाल ऐकून घ्यावा. तो न घेतल्यास मेलेल्या लेकीचें नांव कोष्टकांत तसेंच राहतें. तिला 'झॉम्बी' म्हणतात. आईच आधीं गेली, तर पोरक्या लेकीस बहुधा पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया पदरांत घेते.

गतवर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमनें वर्गांतील यंत्र जागच्या जागीं थिजलें, व माझ्या गुणपत्रकांचें सायंकाळभराचें काम बुडालें. मीं त्यास खोडसाळ ठरवून आठ दिवस यंत्रास हात लावण्याची मनाई केली. रात्रीं त्याचा कागद वाचला. त्याला वीसच लेकी हव्या होत्या. परंतु लेकीनें काम होतांच एक्झिट व्हावें, ही ओळ लिहावयाची राहिली होती. त्यामुळें प्रत्येक लेकही आईप्रमाणें उरलेल्या फेऱ्या करूं लागली. पहिल्या फेरीअंतीं दोन प्रक्रिया, दुसरीअंतीं चार, दहावीअंतीं १०२४. विसावी पुरी झाली असती तर १०,४८,५७६! एका माणसानें किती प्रक्रिया चालवाव्या याची मर्यादा 'यूलिमिट' या आज्ञेनें घालतां येते. ती घालणें माझें काम होतें, आणि मीं तें केलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं वर्गासमक्ष मीं मनाई मागें घेतली. राहिलेली ओळ त्यानें फळ्यावर लिहिली, आणि ती मर्यादाही त्याच्याच हातून यंत्रांत घातली.